जोर्वे मृत्पात्रांवरील रंगरेषा : प्रस्तावना

पुढील पृष्ठांत जी रेखाटने वाचकांपुढे ठेवली आहेत, ती महाराष्ट्राच्या भूमीत तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी चाकावर घडविलेल्या, आणि आव्यात जाण्यापूर्वी कुंचल्याच्या चार रेघांनी शृंगारलेल्या मातीच्या भांड्यांची आहेत. ज्या लोकांनी ही भांडी वापरली त्यांना लोखंड ठाऊक नव्हते, तांबे होते पण ते जपून वापरावे लागे, आणि लिहिण्याची कला तर त्यांच्यापासून फारच दूर होती. त्यामुळे प्रवरा, घोड, गिरणा आणि तापी यांच्या काठी शेकडो वर्षे नांदलेल्या त्या वस्त्यांचा इतिहास सांगण्यास ना शिलालेख आहे, ना ताम्रपट, ना एखादे फाटके दप्तर. कुडाची घरे मातीत मिळाली, छपरे कुजली, आणि मागे उरले ते खापर. कारण खापर कुजत नाही, गंजत नाही, आणि धातूसारखे वितळवून पुन्हा उपयोगातही आणता येत नाही. अशा खापरांवर जी रेघ उमटली आहे ती त्या काळच्या माणसाच्या हाताची आपल्यापर्यंत पोहोचलेली अत्यंत थेट अशी साक्ष होय, आणि ती साक्ष कशी नोंदवून घ्यावी, तिजकडून काय विचारावे व काय विचारू नये, याचा थोडा ऊहापोह करणे एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

हा ऊहापोह पनवेलीस बसून करावा यात थोडी विसंगती आहे, हे प्रारंभीच सांगितले पाहिजे. जोर्वे संस्कृतीच्या वस्त्या खानदेशापासून भीमेच्या खोऱ्यापर्यंत जवळजवळ सर्व महाराष्ट्रभर आढळल्या असल्या, तरी विदर्भाचा बराचसा मुलूख आणि सह्याद्रीच्या पश्चिमेची किनारपट्टी यांना तिने स्पर्श केलेला दिसत नाही. नद्यांच्या काठची काळी जमीन, बेताचा पाऊस, जव-गहू आणि कडधान्ये यांवर उभा असलेला तो संसार. पावसाळ्यात चार महिने आभाळ फाटणाऱ्या, भाताच्या खाचरांच्या आणि खाजणांच्या कोकणात उतरण्याचे त्याला कारण नसावे. कोकणात जी प्राचीन खापरे सापडतात त्यांची गोष्टच निराळी आहे. पनवेलच्या खाडीतून गलबत बाहेर पडले की समोर येणाऱ्या घारापुरीच्या किनाऱ्यावर भूमध्य समुद्राकडील मद्यकुंभांचे तुकडे मिळाले, आणि दक्षिणेस चौलच्या उत्खननांत इराणी आखाताकडील चकाकीदार भांड्यांचे अवशेष निघाले. आमच्या बाजूचे खापर असे गलबतातून उतरलेले, तर घाटावरचे खापर गावच्याच कुंभाराने घडविलेले. पनवेलची पेठ ही बोरघाट उतरून येणाऱ्या गाड्यांची आणि खाडीतून येणाऱ्या मालाची गाठ घालून देणारी पेठ असल्यामुळे दोहोंकडे सारख्याच अंतरावरून पाहण्याची सवय येथील माणसाला जडते, आणि ज्या परंपरेशी आपले रक्ताचे नाते सांगण्याची सोय नाही तिच्याविषयी बोलताना माणूस अभिमानाच्या भरात वाहवत जात नाही, हा त्यातला लाभ होय.

या विषयाचा पाया ज्या गावाने घातला ते जोर्वे, अहिल्यानगर जिल्ह्यात, संगमनेर तालुक्यात, प्रवरेच्या काठी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातर्फे डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ साली तेथे व नाशिक येथे उत्खनन केले, आणि त्याचा वृत्तान्त १९५५ साली प्रसिद्ध झाला. जोर्व्यास तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी आणि एक बांगडी मिळाली. पण संशोधकांच्या दृष्टीने त्याहून मोलाचे ठरले ते तेथील तांबूस-नारिंगी अंगाचे, काळ्या रेघांनी चितारलेले खापर. एखाद्या गावाचे नाव मडक्यांच्या घराण्याला लागावे आणि पुढे साऱ्या संस्कृतीलाच ते चिकटावे, हा मान महाराष्ट्रात त्या लहानशा गावाला मिळाला. पुढील काळात नेवासे, प्रकाशे, बहाळ, चांदोली, दायमाबाद अशी एकामागून एक स्थळे उजेडात आली. त्यांतील घोड नदीकाठच्या इनामगावचे उत्खनन १९६८ पासून १९८३ पर्यंत, डॉ. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी यांच्या देखरेखीखाली इतक्या चिकाटीने चालले, की ताम्रपाषाणयुगातील एका खेड्याचा घरोघरचा तपशील आपल्या हाती आला. धान्याचे कोठार कोठे होते, त्याला लागून असलेले पाच खोल्यांचे मोठे घर कोणाचे असावे, आणि कुंभार, सोनार, चुना भाजणारे असे कारागीर गावाच्या पश्चिम कडेला कसे राहत, हे आज बऱ्याच निश्चितीने सांगता येते. बारा बलुतेदारांची आणि वतनांची घडी बसण्यापूर्वी दोन-अडीच हजार वर्षे कुंभाराचे घर गावाच्या कडेलाच होते, ही गोष्ट गावगाड्याच्या अभ्यासकाने टिपून ठेवण्यासारखी आहे.

या सर्व स्थळांच्या थरांवरून जो क्रम लागतो तो वाचकाने मनात धरून ठेवावा, म्हणजे पुढील रेखाटनांत गोंधळ होणार नाही. प्रथम येते ते तापीकाठच्या सावळदा गावावरून ओळखले जाणारे खापर, इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकाच्या अखेरीचे. त्याच्यावर बाणांची टोके, मासे मारण्याचे गळ व भाले, पक्षी, जनावरे, झाडे अशी ओळखू येणारी चित्रे आहेत. नंतर, इ.स.पू. १६०० च्या सुमारास, नर्मदेकडून माळवा पद्धतीची भांडी आली; महेश्वरासमोरच्या नावडातोलीस ती विपुल मिळाली असून त्यांच्यावर भौमितिक नक्षीच्या बरोबरीने हरणे, मोर, हात धरून नाचणारी माणसे दिसतात. आणि इ.स.पू. १४०० च्या सुमारास जोर्वे पद्धत स्थिरावते. तिच्यात हरणे आणि मोर जवळजवळ लोपतात. उरतात त्या आडव्या पट्ट्या, तिरक्या समांतर रेघा, शंकरपाळ्यासारखे चौकोन, त्रिकोण, आणि त्या चौकोन-त्रिकोणांच्या पोटात भरलेली बारीक जाळी. म्हणजे पाचसहाशे वर्षांत कुंचला वस्तूंकडून रेघेकडे वळला. याला कोणी कलेचा ऱ्हास म्हणतात. मला तसे वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सांगण्यासाठी एखादे खापर हातात घेऊनच बोलले पाहिजे.

जोर्वे पद्धतीतले तोटीचे भांडे हे तिचे ओळखचिन्ह. पसरट ओठ, उंच गळा, फुगीर अंग, आणि अंगाला वरच्या बाजूस जोडलेली, वर तोंड करून उभी असलेली नळीसारखी तोटी. त्याच्या खांद्याचा तुकडा उजेडात तिरपा धरला, की गळ्याच्या बुडाशी एक जाड काळा पट्टा दिसतो आणि त्याच्या खाली दोन-तीन बारीक वेढे. हे वेढे भांडे चाकावर फिरत असताना कुंचला नुसता टेकवून काढले आहेत. एखाद्या ठिकाणी वेढ्याची सुरुवात आणि शेवट एकमेकांवर किंचित चुकून बसले आहेत, तेथे रंग दाट झालेला असतो. वेढ्यांच्या खाली तिरक्या रेघांची ओळ असते. प्रत्येक रेघ वर जाड आणि खाली निमुळती, यावरून हात वरून खाली आला आणि उतरताना सुटला हे समजते; आणि काही रेघांनंतर जाडी पुन्हा वाढते, तेथे कुंचला रंगात बुडविला गेला आहे. भांडे पूर्ण वेढून ओळ पहिल्या रेघेपाशी परत आली, की शेवटच्या दोन-तीन रेघा दाटीवाटीने बसविलेल्या किंवा ऐसपैस सोडलेल्या आढळतात. कागदावर आधी मोजून आखणाऱ्याची ही रीत नाही. गोल अंगावर नजरेने अंतर धरीत जाणाऱ्या, आणि दिवसभरात अशी कितीतरी भांडी हातावेगळी करणाऱ्या कारागिराची ही रीत आहे. त्याच्या वेगाशी, त्याच्या सवयीशी आपली गाठ पडते ती येथे.

आणि ही नक्षी थांबते कोठे, हे पाहणे त्याहूनही उद्बोधक आहे. वाडगा असेल तर त्याच्या अंगाला जेथे कंगोरा फुटून ते आत वळते त्या कंगोऱ्यापाशी, घडा किंवा तोटीचे भांडे असेल तर पोटाच्या फुगवट्यापाशी नक्षी संपते. त्याखालचा भाग बहुधा कोरा असतो. या भांड्यांना बैठक सपाट नसे. ती जमिनीत केलेल्या खळग्यात किंवा चुंबळीवर बसत आणि बसलेल्या माणसाच्या नजरेला वरूनच दिसत. जो भाग मातीत जायचा, झिजायचा, हाताळायचा, त्यावर रंग खर्च करण्याचा अविचार त्या कुंभाराने केला नाही. या नक्षीचे व्याकरण भांड्याच्या घडणीतून आणि वापरातून निघालेले आहे, आणि हेच मला या संग्रहाच्या निमित्ताने मुख्यतः सांगावयाचे आहे. फिरत्या चाकाने वेढा दिला, वेढ्यांनी पट्टा आखून दिला, पट्ट्याने तिरकी रेघ मागितली, दोन तिरक्या रेघांच्या छेदाने चौकोन झाला आणि चौकोनाने जाळी. प्रत्येक आकृतीची पायरी आधीच्या पायरीवरून चढता येते. हरणे आणि मोर सोडून कुंचला या पायऱ्यांवर स्थिरावला, तो त्याची अक्कल संपली म्हणून स्थिरावला असे मानण्यास जागा नाही. चाकाशी त्याचा पुरता मेळ बसला म्हणून तो स्थिरावला, असे म्हणणे पुराव्याला अधिक धरून होईल.

चित्रे अगदीच संपली असेही नाही. इनामगावच्या एका भांड्यावर बैल जुंपलेली गाडी काढलेली आहे, आणि तेथील एका विलक्षण दफनात सापडलेल्या तोटीच्या भांड्यावर वल्ह्यांची होडी आहे. हे दफन चार पायांच्या, पोट सुटलेल्या मातीच्या रांजणात होते. प्रेत त्यात बसविलेल्या स्थितीत ठेवले होते. लहान मुलांना मात्र दोन जाड, हाताने घडविलेल्या कुंभांची तोंडे एकमेकांना भिडवून, घराच्या जमिनीखाली पुरीत. या कुंभांवर रंगाची रेघ बहुधा नसते. बोटाने दाबून उठविलेल्या मातीच्या पट्टीची नक्षी असते. जिवंतांच्या उपयोगाची चाकावरची रंगीत भांडी मात्र, वाडगा आणि तोटीचे भांडे, त्या चिमुकल्या दफनाबरोबर ठेवीत. मृत्यूच्या भांड्याला बोटाची नक्षी आणि संसाराच्या भांड्याला कुंचल्याची, अशी वाटणी त्या घरांतून पाळली जात होती.

या भांड्यांची परीक्षा डोळ्याइतकीच कानाने होते. चांगले भाजलेले जोर्वे खापर बोटाने टिचकावले तर धातूसारखे खणखणते. आवा नीट पेटला, माती नीट मळली, तर भांडे बोलते. कच्चे राहिले तर बद्द वाजते. ही कसोटी महाराष्ट्राला कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही, कारण तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणे हाती घेऊन जमलेल्या संतांच्या मस्तकांवर हीच कसोटी चालविली आणि नामदेवांसारख्या भक्ताला कच्चे मडके ठरविले, ही कथा आपल्या घराघरांत आहे. विशेष हा की ज्या तेर गावाने हा कुंभार संत दिला, ते तेर सातवाहनकाळी मोठे व्यापारी नगर होते आणि तेथील मृत्पात्रांचा व मृण्मूर्तींचा समृद्ध संग्रह रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या संग्रहालयात आजही पाहावयास मिळतो.

आता अर्थाविषयी. जाळीचा चौकोन पाहिला की शेत आठवावे, तिरक्या रेघा पाहिल्या की पाऊस, आणि त्रिकोण पाहिला की मातृदेवता, हा मोह अभ्यासकांनाही आवरता आलेला नाही. स्वतः सांकलियांनी पन्हाळीच्या तोटीची काही भांडी इराणातील भांड्यांशी ताडून पाहिली आणि पश्चिमेकडून लोक आले असावेत असे अनुमान बांधले. आकृतींचे साम्य ही शंका घेण्यास पुरेशी गोष्ट आहे, निकाल देण्यास नाही. चाक आणि कुंचला यांची गाठ जेथे पडेल तेथे वेढा आणि तिरकी रेघ आपोआप जन्माला येतील. अर्थ सांगण्याचा अधिकार ज्यांच्याकडे खरोखर आहे असे लोक पाहावयाचे तर अमेरिकेच्या नैर्ऋत्येस, न्यू मेक्सिको व ॲरिझोना या प्रांतांतल्या प्वेब्लो लोकांकडे पाहावे. ते चाक वापरीत नाहीत. मातीच्या वळ्या एकावर एक रचून, लिंपून, घोटून भांडे उभे करतात, आणि युक्का नावाच्या वनस्पतीच्या पात्याचे टोक चावून केलेल्या कुंचल्याने ते रंगवितात. आकोमाच्या घड्यांवरच्या केसासारख्या बारीक रेघांचे पट्टे, झुनीच्या भांड्यावरील हरिणाच्या मुखापासून काळजापर्यंत ओढलेली रेघ, यांच्याविषयी त्यांच्यात बोलणारी माणसे आहेत, कारण भांडे घडविणारा हात तेथे पिढ्यान्‌पिढ्या अखंड चालत राहिला आहे.

तोही नेहमी अखंड होता असे नाही, आणि आपल्या दृष्टीने बोधप्रद भाग तो हाच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस होपी-टेवा समाजातील नाम्पेयो नावाची कुंभारीण सिक्यात्की या उजाड गावाच्या परिसरातील जुन्या खापरांवरील आकृती न्याहाळीत होती. १८९५ साली फ्यूक्स या संशोधकाने तेथे उत्खनन केले, तेव्हा तिला अभ्यासावयास आणखी भांडी मिळाली. तिने त्या आकृतींची निव्वळ नक्कल केली नाही; त्यांची चाल हाती बसवून घेतली आणि मग आपली भांडी रंगविली. सान इल्देफोन्सोच्या मारिया मार्टिनेझ (१८८७-१९८०) यांनाही उत्खननातील खापरांवरूनच जुनी भांडी पुन्हा घडविण्याचे आवाहन झाले. भांडे त्या घडवीत, रंगकाम त्यांचे पती ज्युलियन करीत, आणि आग वाळक्या शेणाच्या भुकटीने दडपून काळ्यावर काळी नक्षी उमटविण्याची जी रीत त्या दोघांनी १९१९ च्या सुमारास सिद्ध केली, तिने त्या गावाचे अर्थकारणच पालटले. तेथे खापर संशोधकाच्या टेबलावरून कुंभाराच्या ओसरीवर गेले. आपल्याकडे ते पेटाऱ्यात गेले, त्यावर क्रमांक पडला, वृत्तान्तात त्याची आकृती छापली गेली, आणि त्यांतील बहुतेक वृत्तान्त इंग्रजीत राहिले.

यात सारा दोष संशोधकांच्या माथी मारता येणार नाही. आपल्याकडील धागा तुटला तो फार पूर्वीच. इनामगावी इ.स.पू. १००० नंतरच्या थरांत पाऊसमान घटल्याची चिन्हे आहेत. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, शेतीपेक्षा जनावरांवर भिस्त वाढते, आणि भांड्यांची घडण जाडीभरडी होऊन नक्षी विरळ होते. इ.स.पू. ७०० च्या सुमारास गाव उठले. पुढे लोखंड आले, सातवाहनांच्या अमदानीत नगरे वसली, आणि भांड्याची शोभा रंगाच्या रेघेऐवजी घोटलेल्या तांबड्या चकाकीत आणि साच्यात शोधली जाऊ लागली. नंतरच्या काळात तांबे-पितळेने सधनांच्या घरातून मातीला उतरंडीपुरते मागे रेटले. कुंभाराचे चाक फिरतच राहिले, आवा पेटतच राहिला. कुंचला तेवढा हातातून गळाला.

वाचक विचारतील की संक्रांतीच्या सुगडांवर आपण हळदीकुंकवाची बोटे ओढतो, लग्नात कुंभाराकडून आणलेली मडकी चुन्याने व रंगाने चितारतो, ती मग काय आहेत? ती आपल्या ठिकाणी सुंदर आहेत. परंतु जोर्व्याची ती वंशज आहेत असे सांगण्यास पुरावा नाही, आणि दोहोंतील एक भेद तर मुळावरच जाणारा आहे. जोर्वे भांड्यावरील रंग भाजण्यापूर्वी लावलेला आहे, म्हणून तो मातीशी एकजीव झाला आणि तीन हजार वर्षे टिकला. सुगडावरील हळदीकुंकू भाजल्यानंतरचे, सणापुरते, पाण्याने धुऊन जाणारे. पहिले काम कुंभाराचे, दुसरे घरच्या सुवासिनीचे. आमच्या रायगड जिल्ह्यात मातीवर कुंचला चालतो तो पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर श्वास रोखून जी एक रेघ ओढतो ती पाहिल्यावर हाताचे कसब नष्ट झाले आहे असे कोणी म्हणणार नाही. पण ती माती कच्ची असते आणि विसर्जनाकडे निघालेली असते. चाकाचा कुंभार आणि कुंचल्याचा कारागीर हे आज दोन वेगळ्या पेठांत बसतात, आणि त्यांची गाठ घालून देण्यासारखा मजकूर जर कोठे असेल तर तो या जुन्या खापरांवर आहे.

संग्रहाच्या वापराविषयी एक सूचना करून हे लांबलेले निवेदन पुरे करतो. रेखाटनांत भांड्याची एक बाजू छेद दाखविते आणि दुसरी बाह्यांग. ही पुरातत्त्वाची रूढ पद्धत आहे व तीच येथे ठेवली आहे. नक्षीचे पट्टे मात्र वाचकांच्या सोयीसाठी उलगडून सपाट दाखविले आहेत, आणि तेवढ्यापुरते ते फसवे आहेत. कारण गोल अंगावर ज्या तिरक्या रेघा खाली जाताना एकमेकींपासून दूर सरतात, त्या कागदावर निमूटपणे समांतर उभ्या राहतात. कोणत्या आकृतीचा अर्थ काय, हे मी कोठेही दिलेले नाही. ती कोणत्या भांड्यावर, कोणत्या भागावर, आणि जेथे स्थळ व थर निश्चित आहेत तेथे ते कोणते, एवढेच नोंदविले आहे. ज्यांना याहून अधिक जाणून घेण्याची उत्सुकता असेल त्यांनी, विशेषतः चित्रकलेच्या शिक्षकांनी आणि आमच्या कुंभारबांधवांनी, एखादा पट्टा कागदावर न गिरविता चाकावरून नुकत्याच उतरलेल्या, थोड्या सुकलेल्या घड्याच्या खांद्यावर काढून पाहावा, तो आव्यात भाजावा, आणि बिघडला तर दुसरा घ्यावा. पोटाच्या फुगवट्यापाशी आल्यावर हात का थांबतो याचे उत्तर त्यांना माझ्या साऱ्या प्रस्तावनेपेक्षा लवकर मिळेल; आणि तसे चार घडे जरी बाजारात विकावयास आले, तरी या संग्रहाचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.

पनवेल, जिल्हा रायगड